खोट्या युद्धनौकेची खरी तपासणी

‘डिस्टोपियन वॉर्स’ हा टेबलावर मांडून खेळायचा आरमारी युद्धखेळ इंग्लंडमधल्या स्पार्टन गेम्सने २०१० साली काढला. २०१७ मध्ये ती कंपनी बंद पडली, खेळाचे हक्क वॉरक्रेडल स्टुडिओजकडे गेले आणि नव्या नियमांनिशी तो आजही चालू आहे. काळ साधारण १८७० नंतरचा, पण इतिहासाने भलतीच वाट धरलेली. अंटार्क्टिकात स्टर्जिनियम नावाचे मूलद्रव्य सापडले आणि वाफेच्या जहाजांवर विजेच्या तोफा आल्या, बोटी आकाशात उडू लागल्या. प्रशियाचे आरमार टेस्ला कॉइलमधून वीज फेकते, जपानी जहाजे रॉकेट सोडतात. खरा निकोला टेस्ला १८७० साली चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता, पण स्टीमपंकमध्ये, म्हणजे वाफेच्या युगाच्या या कल्पनाविश्वात, अशा हिशेबाला कोणी बसत नाही.

म्हणून इथे सगळेच माफ, असे मात्र नाही. इतिहास खुशाल मोडा. वजन, पाणी आणि माप मोडले की जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. खेळातल्या जहाजांच्या मॉडेलांचे परीक्षण करताना बहुतेक जण नक्षी किती बारीक आहे ते पाहून खूश होतात किंवा नाराज. मी आधी पट्टी काढतो.

खेळाचे माप १:१२००. म्हणजे टेबलावरचा एक सेंटिमीटर समुद्रावर बारा मीटर. मूळ खेळात प्रशियाच्या छोट्या फ्रिगेटचे नाव ‘आर्मिनियस’ आहे, आणि या नावाची खरी युद्धनौका होऊन गेली. ती १८६४ साली लंडनमध्ये थेम्सच्या काठी, समुडा बंधूंच्या गोदीत पाण्यात उतरली आणि प्रशियाने ती विकत घेतली. लांबी सुमारे ६३ मीटर, वर दोन फिरते तोफबुरूज. या मापाने ती सव्वापाच सेंटिमीटर भरते. ब्रिटिशांची पहिली समुद्रगामी चिलखती युद्धनौका ‘वॉरियर’ सुमारे १२७ मीटरची. ती साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास जाईल. हे दोन आकडे डोक्यात ठेवले की हातातले काल्पनिक जहाज केवढे धूड आहे याचा अंदाज येतो. पंधरा सेंटिमीटरचे मॉडेल म्हणजे १८० मीटरचे जहाज, आणि १८७० च्या काळातल्या युद्धनौकांपुढे ते राक्षसीच.

याच मापात माणूस दीड मिलिमीटरहूनही थोडा बुटका. कठड्याचा पाच सेंटिमीटर जाडीचा लोखंडी गज ०.०४ मिलिमीटर होईल. तो कोणत्याही साच्यातून निघणार नाही, निघाला तरी बोट लागताच तुटेल. दहा इंची तोफेचे तोंड जेमतेम ०.२ मिलिमीटर. त्यामुळे शिल्पकाराला काही गोष्टी फुगवाव्याच लागतात. तोफांच्या नळ्या जाड करणे रास्त आहे, कारण त्या दोन हातांवरूनही दिसायला हव्यात. डेकवरच्या फळ्यांच्या रेघा अर्ध्या मिलिमीटर अंतराने कोरल्या तर प्रत्येक फळी साठ सेंटिमीटर रुंद होते, पण त्या खाचांत रंग उतरतो म्हणून तेही चालवून घ्यावे. माझी तक्रार दातेरी चाकांबद्दल आहे. जहाजाच्या कडेला चिकटवलेले दोन मिलिमीटरचे चाक प्रत्यक्षात जवळजवळ अडीच मीटर व्यासाचे असणार. ते काय फिरवते? कोणत्या दांड्याला जोडले आहे? उत्तर नसेल तर ते चाक म्हणजे लग्नमंडपातली झालर.

मग पाणी. अशी मॉडेले सहसा पाण्याच्या रेषेवर कापलेली असतात; तळ सपाट, खालचा भाग नाहीच. तेव्हा डेक पाण्यापासून किती उंच आहे ते मोजता येते, आणि खऱ्या इतिहासाने इथे फार महागडा धडा दिला आहे. ‘आर्मिनियस’वरचे फिरते बुरूज काउपर कोल्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रचनेचे होते. याच कोल्सच्या आग्रहाने ‘कॅप्टन’ ही मोठी युद्धनौका बांधली गेली: वजनदार बुरूज, शिवाय पूर्ण शिडांच्या उंच डोलकाठ्या. डेक पाण्यापासून आठ फूट उंच ठेवायचे ठरले होते. बांधताना वजन वाढत गेले आणि साडेसहा फूटच उरले. सप्टेंबर १८७० मध्ये फिनिस्टेरच्या भूशिराजवळ वादळात ती कलंडली, सुमारे ४८० माणसे गेली, कोल्सही त्यांत होता.

एवढ्यासाठीच मी मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून पाहतो. तीन मजली पुलावर, म्हणजे जहाज हाकायच्या मचाणावर, आणखी एक बुरूज, त्यावर टेस्लाचा मनोरा, आणि खाली होडीएवढी रुंदी असेल तर हे जहाज पहिल्याच लाटेला उलटेल, मग त्याच्या माहितीपत्रकात काहीही लिहिलेले असो. सखल डेक मात्र चूक नव्हे. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईत होते. ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ या दोन युद्धनौका १८७० मध्ये इंग्लंडात पाण्यात उतरल्या, त्या खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेवरून त्यांना नावे दिली होती, आणि त्या मोहिमेची फौज मुंबईहूनच निघाली होती. दोघींचा मुख्य डेक पाण्याला टेकल्यासारखा सखल. पण मधोमध चिलखती भिंतीचा एक उंचवटा, त्याच्या दोन टोकांना एकेक बुरूज, आणि धुराडे, दारे, हवेचे मार्ग सगळे त्या उंचवट्याच्या आत. लाट डेकवरून गेली तरी पोटात पाणी शिरत नाही. काल्पनिक जहाजातही मी हीच सोय शोधतो. दारे कुठे आहेत? धूर कुठून जातो? बॉयलरला हवा कुठून मिळते? शिल्पकाराने याचा विचार केला असेल तर तो न सांगता दिसतो.

अमेरिकन आरमाराला या खेळात बाजूची मोठी वल्हेचाके दिली आहेत, मिसिसिपीच्या आगबोटींची आठवण करून देणारी. शास्त्र इथे विरोधात आहे. १८४५ साली ब्रिटिशांनी पाण्याखालच्या पंख्यावर चालणारी ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांची ‘अलेक्टो’ यांना पाठीला पाठ लावून दोराने बांधले आणि दोघींना ओढायला लावले. रॅटलरने अलेक्टोला मागे फरफटत नेले. शिवाय चाकांनी बाजू अडते, तिथे तोफा लावता येत नाहीत, आणि एक गोळा लागला की चाक निकामी. तरीही या चाकांना मी पैकीच्या पैकी गुण देतो. टेबलावर वीस जहाजे असताना कोणते कोणाचे हे पाहताक्षणी कळणे ही खेळाची पहिली गरज आहे, आणि चाके ती भागवतात. जाता जाता: स्टीमपंकचा आद्य नौकानायक कॅप्टन नेमो हा ज्यूल व्हर्नच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो. भारतीय आरमाराला या दुनियेत जागा मागायची तर याहून चांगला दाखला नाही.

आता ओतकाम. जुनी जहाजे रेझिनची, वर पांढऱ्या धातूचे सुटे बुरूज. नवीन बरीचशी प्लास्टिकच्या चौकटीत येतात. रेझिन म्हणजे दोन द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे. घट्ट होताना हवा अडकली की कोपऱ्यांत आणि नाळेच्या टोकाला बुडबुड्यांची भोके राहतात. मॉडेल काचेवर ठेवून एका टोकाला बोटाने दाबा. डुगडुगले तर तळ वाकला आहे. गरम पाण्यात जरा वेळ बुडवून, सपाट फरशीवर दाबून, लगेच गार पाण्यात धरले की बहुधा सरळ होते. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याने धुवायलाच हवा. नाहीतर रंग सोलपटतो. रेझिन घासताना ओले करून घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. जोडायला सुपरग्लू. प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. जोडलेल्या दोन भागांतली फट, साच्याची शिवण कुठून गेली आहे, ती तोफेच्या नळीवरून गेली की कडेच्या आड लपली, हे परीक्षणात लिहायलाच हवे. विकत घेणाऱ्याची संध्याकाळ त्यातच जाणार असते.

रंगाबद्दल एकच सांगतो: पितळ कमी. त्या काळची जहाजे लोखंडाची आणि रंगवलेली असत. ब्रिटिशांची बाजू काळी, वरचा भाग पांढरा, धुराडी पिवळसर. खाऱ्या हवेत पितळ हिरवे पडते. सगळे जहाज सोनेरी-तपकिरी करून टाकले की तोफ, पूल, धुराडे काहीच वेगळे दिसत नाही.

शेवटची परीक्षा टेबलावर, आणि तिथे शिल्प व नियम एकमेकांना भेटतात. मूळ नियमांत फाशावर चार किंवा पाच पडले की एक मारा, सहा पडला की दोन आणि वर तो फासा पुन्हा टाकायचा. हिशेब केला तर एका फाशामागे सरासरी ०.८ मारा येतो. दहा फाशांना आठ. प्रत्येक जहाजाचे दोन आकडे असतात. पहिला गाठला तर एक घाव, दुसरा गाठला तर दोन घाव आणि वर एखादी मोठी मोडतोड. सहा पुन्हा पुन्हा पडत राहिला की चिमुकली फ्रिगेटसुद्धा मोठ्या जहाजाला खिळखिळे करते. त्यामुळे कोणती तोफ कोणावर चालते हा प्रश्न दर फेरीला उठतो, आणि त्याचे उत्तर मॉडेलवरच्या बुरुजाच्या जागेवरून ठरते. पुढचा बुरूज मागच्या मनोऱ्याआड झाकला गेला तर दोन खेळाडू अर्धा तास वाद घालतील. बुरूज फिरता ठेवण्यासाठी आत छोटे चुंबक बसवायला जागा असेल तर उत्तम. तोफेचे तोंड कुठे आहे हे सगळ्यांना दिसते आणि खोक्यात भरताना नळ्याही तुटत नाहीत. मूळच्या आरमारी संचात एका बॅटलशिपबरोबर तीन क्रूझर आणि नऊ फ्रिगेट येत. त्या नऊ जणी सतत हाताळल्या जाणार, म्हणून लहान जहाजांत मी नक्षीपेक्षा जाडी पसंत करतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर भलेमोठे उडते किल्ले सोडा आणि एका आरमाराच्या दोन-तीन क्रूझर घ्या. मापाची पट्टी, काचेचा तुकडा आणि समोरून एक नजर एवढ्यावर त्यांचा कस लागतो. बाजू साध्या, बुरूज मोकळे आणि डेकवर बिनकामाचे एकही चाक नसलेली जहाजे निवडा. ती रंगवायला सोपी जातात आणि खेळताना वाद कमी होतात.