लाखेचं वजन

बोरमाळेचा मणी भरीव दिसतो, पण त्याच्या पोटात सोनं नसतं, लाख असते. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून काढायच्या, डाख लावून सांधायच्या, ओवायला भोकं ठेवायची आणि पोकळीत गरम लाख भरायची. लाख नसेल तर मणी दोन बोटांत चेपेल. रूप सोन्याचं, बळ लाखेचं. माळ काट्यावर ठेवली की त्यात सोनं किती आणि लाख किती, हे घडवणाऱ्यालाच ठाऊक. सोनाराबद्दलचा पिढ्यान् पिढ्यांचा संशय याच पोकळीत दडून बसलेला आहे.

गावातल्या दुकानांवर लिहायचं म्हणून संपादकांनी मला पाठवलं होतं. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जाताना पूर्णेकाठी केदारखेडा लागतं. तिथे एका छोट्या सराफी दुकानात मी अर्धा तास बसणार होतो, संध्याकाळपर्यंत बसलो. दुकानदार मूळचे कारागीर. नाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट होती. म्हातारी माणसं त्यांना अजून ‘सोनारदादा’ म्हणतात, तरणी पोरं ‘शेठ’. या दोन हाकांमध्ये तीस वर्षं गेलेली आहेत.

दागिने घडवणं या मुलखाला नवं नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत तिथल्या दात्यांची नोंद आहे, आणि १९७३ च्या उत्खननात तिथे मणी, शंखाचं काम आणि हस्तिदंती वस्तू सापडल्या. पण ते मणी घडवणारे हात कुणाचे होते, हे कुठल्याच लेखात कोरलेलं नाही. घडवणारा आणि विकणारा यांच्यातली भिंत फार जुनी आहे.

अलीकडच्या काळात ती भिंत कायद्यानेही बांधली गेली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही, असा नियम झाला आणि देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. या दुकानदारांचे वडील तेव्हा रोजंदारीने शेतात गेले. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवानाधारक व्यापारी वेगळा आणि प्रमाणपत्रवाला सोनार वेगळा अशी विभागणी केली. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. ते साल आमच्या सोनारदादांना तोंडपाठ आहे.

तेव्हा ते जालन्याच्या सराफ्यात मजुरीवर होते. पेढीवरून सोनं तोलून घ्यायचं, डाग तोलून परत द्यायचा, घट ठरल्यापेक्षा जास्त आली तर ती घडणावळीतून कापली जायची. कानशीखालची धूळसुद्धा झाडून, गोळा करून ठेवायची. रविवारी गावी आले की आयाबाया तुटकं घेऊन यायच्या. कुणाच्या झुब्याचं मळसूत्र सैल, कुणाचं डोरलं झिजलेलं, कुणाची पोत तुटलेली. या डागडुजीचे पैसे फारसे मिळायचे नाहीत. मिळायची ती पत. एकदा एका बाईने मोडीचं सोनं हातात ठेवलं आणि पावती मागितली नाही. दुकान टाकायचं त्या दिवशी मनात आलं, असं ते सांगतात. सुरुवात चांदीपासून केली, कारण सोन्याला भांडवल नव्हतं. जोडवी, मासोळ्या, पैंजण. मग मुरण्या. काचेच्या कपाटात सोन्याची पहिली माळ लागायला पाच वर्षं गेली.

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले असेच वर आले. दुष्काळी गावं सोडून देशभरच्या सराफ बाजारांत जुनं सोनं गाळायला गेले, आणि कित्येकांनी पुढे तिथेच दुकानं काढली. ते परमुलखात मालक झाले. इथे माणूस आपल्याच गावात परत येऊन मालक झाला. मला हे जास्त अवघड वाटतं, कारण गावात बाप कोण होता हे सगळ्यांना माहीत असतं.

मी बसलो होतो तेव्हा एक आजीबाई चेपलेली बोरमाळ घेऊन आल्या. डाख लावायला आच द्यावी लागते आणि आचेवर लाख जळते, म्हणून आधी लाख काढावी लागते. सोनारदादांनी एकेक मणी ऊब देऊन रिकामा केला, निघालेली काळी लाख कागदावर गोळा केली आणि काट्यावर ठेवली. आकडा आजींना मोठ्याने वाचून दाखवला, मग रिकाम्या मण्यांचा. दोन्ही आकडे वहीत लिहिले. तीस वर्षांचं दुकान या कागदावरच्या लाखेवर उभं आहे, असं मला तेव्हा पक्कं वाटलं.

आता हा विश्वास शिक्क्यावर गेला आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, फसवलेल्या बायकांची संख्या कमी नव्हती. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला सक्तीतून सूट आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला टेकला. तोळा म्हणजे आताचे १० ग्रॅम. त्या भावाने वर्षभरात ४० तोळे विकले की मर्यादा संपली. धंदा तेवढाच, गिऱ्हाईक तेवढंच, नुसत्या भावाने माणूस मोठा व्यापारी ठरतो. मग दोन-चार डागांसाठी शहरातल्या केंद्रापर्यंत हेलपाटा. शिक्क्याचा खर्च किरकोळ आहे, बुडालेला दिवस किरकोळ नाही.

त्याहून मोठा घोर उधारीचा. इथे लग्न आधी होतं आणि कापसाचे, सोयाबीनचे पैसे नंतर येतात. २०२५ च्या जानेवारीत तोळा ८० हजारांच्या आसपास होता. तेव्हा दोन तोळे उधार दिले, तर येणं १ लाख ६० हजार. एप्रिलमध्ये तेच दोन तोळे कपाटात परत भरायला दोन लाख लागले. चाळीस हजार गेले, आणि घडणावळ आली असेल काही हजारांची. मोठ्या पेढीला हा खड्डा सोसतो. इथे दोन लग्नांत कपाटाचा एक खण रिकामा होतो. नाही म्हणावं तर जी पत कमावून दुकान उभं राहिलं तीच जाते, आणि गिऱ्हाईक जालन्याच्या झगमगीत दालनात जातं. तिथे उधारी नाही, पण हप्ते आहेत.

सोनारदादांचा मुलगा भट्टीवर बसत नाही. तयार माल आणतो, मोबाइलवर भाव बघतो. जंतरातून तार ओढायला तो शिकला होता, सोडून दिलं. त्याला दोष देववत नाही. यंत्रावरचा माल हलका असतो, स्वस्त पडतो आणि नवरीला तोच हवा असतो.

दिवे लागणीला एक शेतकरी आला. लेकीचं लग्न, दीड तोळ्याची माळ, निम्मे आता, निम्मे कापूस विकल्यावर. सोनारदादांनी वही उघडली आणि बाकी रुपयांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहिली: साडेसात ग्रॅम, देईल त्या दिवशीच्या भावाने.

“दादा, भाव वाढला तर?” शेतकऱ्याने विचारलं.

“वाढला तर तुला जास्त, उतरला तर मला कमी.”

शेतकरी बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, घरी विचारून येतो.