एस.टी.तील छेडछाड : पोरीचे कॉलेज बंद करणे हा उपाय नव्हे



गटात हिंडताना कानावर येते, की एस.टी.त त्रास झाला म्हणून अमक्याच्या पोरीचे कॉलेज बंद केले. रानात डुक्कर शिरले म्हणून कोणी ऊस लावायचे सोडतो का? बंदोबस्त डुकराचाच करायचा असतो.

गर्दीचा फायदा घेऊन मुद्दाम अंगाला हात लावणे, घाणेरडे बोलणे, रोज पाठलाग करणे हे सारे गुन्हे आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 प्रमाणे विनयभंगास 1 ते 5 वर्षे कैद आहे. मुलगी 18 वर्षांखालील असल्यास 2012 चा पोक्सो कायदाही लागतो.

असे घडल्यास मोठ्याने बोलावे व कंडक्टरला लगेच सांगावे. इतर उतारूंनीही खिडकीबाहेर बघत न बसता मुलीच्या बाजूने उभे राहावे आणि 112 वर फोन करावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. स्टँडवर गाडीची चौकशी खिडकीवरच करावी. 25 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या गाडीत तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली, हे ध्यानात असावे.

मुलीने घरी सांगितले, तर आधी ऐकून घ्यावे. “तूच काही केलं असशील” म्हटले, की ती पुन्हा तोंड उघडत नाही. आणि याच गाडीने आपली पोरेही जातात. त्यांनाही चार शब्द सुनवावेत.

— ऊस विकास अधिकारी