धुराच्या गणितातली शहराची ऊब

शहर रात्री भोवतालच्या गावांपेक्षा उबदार राहते, हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या नोंदींवरून 1818 च्या सुमारासच दाखवले होते. तरीही धूर कुठे आणि किती पसरेल याचे गणित बेतले गेले ते उघड्या माळावर. 1956 च्या उन्हाळ्यात नेब्रास्कातल्या ओ'नील गावाजवळच्या सपाट गवताळ रानात, जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवरून सल्फर डायऑक्साइड सोडला गेला आणि 50 ते 800 मीटर अंतरांवर मोजला गेला. फ्रँक पास्किल यांनी 1961 मध्ये हवेच्या स्थिरतेचे ए ते एफ असे सहा वर्ग मांडले, तेव्हा जवळच्या अंतरांसाठी भिस्त होती ती याच मोजमापांवर. वारा मंद, आकाश निरभ्र, वेळ रात्रीची, म्हणजे हवा स्थिर आणि धूर कोंडलेला. माळावर हे बरोबरच आहे. शहरात मात्र दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडते आणि खालची हवा ढवळत राहते. सेंट लुईमध्ये 1963 ते 1965 या काळात चमकणारी पावडर उडवून केलेल्या चाचण्यांत धूर माळापेक्षा जास्त फैलावताना दिसला, आणि शहरांसाठी वेगळे आलेख आले.

2005 मध्ये अमेरिकेने अधिकृत ठरवलेल्या एअरमॉड या मॉडेलमध्ये ही ऊब थेट शिरली, पण लोकसंख्येच्या मार्गाने. वीस लाख वस्तीला शहर आणि परिसर यांच्यात रात्री 12 अंशांचा फरक धरायचा आणि वस्तीप्रमाणे तो हळूहळू वाढवायचा. यामागची निरीक्षणे टिम ओक यांनी मांडलेली, कॅनडातल्या हजार ते वीस लाख वस्तीच्या गावा-शहरांची. 2011 च्या जनगणनेतली मुंबईची सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्या या सूत्रात घातली की फरक येतो 14 अंशांहून थोडा अधिक. समुद्राने वेढलेल्या, दमट हवेच्या शहरात हा आकडा मला पटत नाही. अशा हवेत भोवतालची जमीनही रात्री फारशी निवत नाही.

लोकसंख्या सगळीकडे सहज मिळते, शहराबाहेरचे तापमान मिळत नाही, असे यावर म्हटले जाते. सोय म्हणून ते मान्य. पण ऊब जास्त धरल्याने अंदाज सुरक्षित बाजूला झुकतो, असे मात्र नाही. जास्त ऊब म्हणजे कागदावर जास्त ढवळण. मग वाहनांचा आणि पेटवलेल्या कचऱ्याचा जमिनीलगतचा धूर प्रत्यक्षापेक्षा विरळ दिसतो. उंच धुराड्याच्या बाबतीत उलटे होते: तोच धूर हिशेबात खाली ओढला जातो. म्हणजे चूक एकाच आकड्याची, पण रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या वाट्याचे प्रदूषण ती कमी दाखवते. इमारतींची उंची आणि बांधकामाचे साहित्य धरून उष्णता मोजणारी मॉडेल्स गेली वीसेक वर्षे आहेत, हेही खरे. पण आपल्याकडच्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत एअरमॉड आजही सर्रास वापरले जाते. असा अहवाल जनसुनावणीला आला, की त्यात लोकसंख्येचा कोणता आकडा घातला आणि रात्रीचे तापमान शहरात व शहराबाहेर कुठे मोजले, हे दोन प्रश्न नागरिकांनी जरूर विचारावेत.