वेग आणि स्मृतीचे इमान

आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संगणकाच्या मेमरीवर लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु शाळांचे जुने वार्षिकांक, हस्तलिखिते आणि कोश आता संगणकात उतरत आहेत. त्यामुळे त्या यंत्राची स्मृती किती विश्वासार्ह, हा प्रश्न भाषेच्या माणसाचाही झाला आहे. ही स्मृती नेमून दिलेल्या गतीहून अधिक वेगाने चालविणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, हा अनेक तरुणांचा छंद आहे. त्यामागील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे.

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच आजच्या मेमरीचा पाया आहे. एका सूक्ष्म धारित्रात विद्युत्भार साठवायचा. भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत गळत असतो. म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर पुन्हा भरावे लागते. वाचताना आधी घरांची एक ओळ उघडायची, मग हवा तो स्तंभ वाचायचा, शेवटी ओळ मिटायची. प्रत्येक पायरीला घड्याळाचे किती ठोके थांबायचे, याचे आकडे म्हणजेच टायमिंग.

येथे एक साधे गणित आहे. डीडीआर४-३२०० मेमरीत एका ठोक्याला ०.६२५ नॅनोसेकंद लागतात. स्तंभ वाचण्याची प्रतीक्षा १६ ठोक्यांची असेल, तर ती १० नॅनोसेकंद होते. ३६०० ची मेमरी १८ ठोके थांबत असेल, तर तेथेही उत्तर १० च येते. ओघ वाढला, पण पहिले उत्तर लवकर आले नाही. तेच १८ ठोके १६ वर आणले, तर प्रतीक्षा सुमारे ८.९ नॅनोसेकंद होते. खरा लाभ गती आणि टायमिंग यांच्या मेळात आहे.

मात्र प्रतीक्षा फार तोडली, तर भाराचा कौल स्पष्ट होण्याआधीच तो वाचला जातो आणि शून्याचा एक होतो. संगणक बंद पडला तर चूक निदान कळते. तो चालू राहिला तर कळतही नाही. युनिकोडमध्ये ‘प’ आणि ‘फ’ यांत केवळ एका बिटाचे अंतर आहे. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतही तेवढेच. एक बिट ढळला, की ‘पूल’चे ‘फूल’ होते आणि ‘काल’चा ‘काळ’. दोन्ही शब्द शुद्ध. मुद्रितशोधकाचीही नजर फसावी. फाइल जतन झाली, की ती चूकच मूळ पाठ होऊन बसते.

म्हणून या छंदाच्या तरुणांना माझे सांगणे एवढेच. उत्पादकाने मेमरीच्या पट्टीतच नोंदविलेल्या एक्सएमपी किंवा एक्स्पो मांडणीपासून आरंभ करावा. एका वेळी एकच आकडा बदलावा. व्होल्टेज जपून वाढवावे. डीडीआर४ चे प्रमाण १.२ व्होल्ट आहे. प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ सारखी चाचणी अनेक तास चालवावी. उष्णतेने भार अधिक वेगाने गळतो. तेव्हा माघातल्या पहाटे उत्तीर्ण झालेल्या मेमरीची परीक्षा वैशाखातल्या दुपारीही घ्यावी. खेळाच्या संगणकावर हे प्रयोग खुशाल करावेत. ज्या यंत्रावर पूर्वजांचे लेखन उतरविले जात आहे, त्याची गती मात्र नेमलेलीच ठेवावी. शक्य असेल तर चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी वापरावी. स्मृतीकडून वेगाची अपेक्षा जरूर करावी. पण तिने इमान राखले, तरच त्या वेगाला मोल आहे.