प्राथमिक शाळेचें शेवटचें वर्ष

प्रत्येक प्राथमिक शाळेंत एक वर्ग असा असतो कीं, बाकीचीं मुलें त्याच्याकडे मान वर करून पाहतात. प्रार्थनेच्या वेळीं तो सर्वांच्या मागें उभा राहतो. घंटा देण्याचें काम बहुधा त्याच वर्गांतील मुलाकडे असतें. लहानग्यांच्या भांडणांचा निवाडाही पुष्कळदां तेथेंच होतो. हा वर्ग म्हणजे शाळेचा शेवटचा वर्ग होय. परंतु त्याच्या मोठेपणाचें आयुष्य अवघें एका वर्षाचें असतें. पुढल्या जून महिन्यांत हींच मुलें माध्यमिक शाळेच्या पटांगणांत सर्वांत लहान म्हणून उभीं राहतात. या एका वर्षांत नेमकें काय शिकावयाचें असतें, तें कसें शिकलें जातें, आणि घरच्या मंडळींनीं त्यांत काय करावें व काय करूं नये, याचा थोडा विचार या लेखांत करूं.

‘शेवटचें वर्ष’ या शब्दांचा अर्थ सर्व काळीं एकच नव्हता. जुन्या मुंबई इलाख्यांत मराठी शाळा सात इयत्तांची असे. ज्या मुलास इंग्रजी शिकावयाचें असे तो मराठी चौथी संपवून इंग्रजी शाळेंत जाई. ज्यास तें शक्य नसे तो सातवीपर्यंत राही व व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेस बसे. तींत उत्तीर्ण झाल्यावर प्राथमिक शिक्षकाची अथवा कचेरींतील एखादी लहानशी नोकरी मिळण्याची आशा असे, आणि पुष्कळ घरांतून तीच विद्येची सीमा ठरे. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यानें पहिली ते आठवी हें शिक्षण सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क ठरविलें. त्यांतील पहिली ते पांचवी हा पहिला टप्पा होय. म्हणून येथें शेवटचें वर्ष म्हणजे पांचवीचें वर्ष असें समजावें. ज्या गांवांतील शाळा चौथीपर्यंतच आहे, तेथील मुलांनीं हेंच विवेचन आपल्या चौथीस लावून घ्यावें.

हा टप्पा ओलांडतांना मुलाच्या भोंवतीं काय काय बदलतें, तें पाहा. पहिल्या टप्प्यासाठीं वर्षांत कमींत कमी २०० दिवस व ८०० तास शिकविलें पाहिजे, असें कायद्याचें मोजमाप आहे. दुसऱ्या टप्प्यास तेंच २२० दिवस व १,००० तास होतें. आजवर बहुतेक सर्व विषय एकच शिक्षक अथवा शिक्षिका शिकवीत असे. मूल आज उदास कां आहे, त्याला सातचा पाढा येत नाहीं कीं तो म्हणण्याची लाज वाटते, हें त्यांना चेहऱ्यावरून कळे. पुढें प्रत्येक विषयाचा शिक्षक निराळा. तो तास संपतांच दुसऱ्या वर्गाकडे जातो. त्याचें प्रेम कमी असतें असें नव्हे, परंतु त्याला वेळ थोडा असतो. आजपर्यंत मुलाची चूक बाई शोधीत होत्या. उद्यां ती पुष्कळ अंशीं त्याची त्यालाच शोधावी लागणार. यास्तव शेवटच्या वर्षाचा खरा धडा एकच: आपलें काम आपण तपासून पाहणें. बाकीचे सर्व पाठ या एका धड्याचीं उदाहरणें होत.

प्रथम गणित घेऊं. या वयांत मुलांना सर्वांत कठीण वाटतो तो मोठा भागाकार. त्यांत अंदाज घेणें, गुणणें, वजा करणें आणि पुढचा अंक खालीं घेणें, अशीं चार कामें पाळीपाळीनें करावीं लागतात. समजा, ७,३४४ आंबे ३६ करंड्यांत सारखे भरावयाचे आहेत. ७३ मध्यें ३६ दोन वेळां जातात. ७२ वजा जाऊन १ उरतो. पुढचा ४ खालीं घेतला म्हणजे १४ होतात. १४ मध्यें ३६ एकदांही जात नाहींत, म्हणून भागाकारांत शून्य मांडावें लागतें. नंतर शेवटचा ४ घेऊन १४४ होतात, व त्यांत ३६ बरोबर चार वेळां जातात. उत्तर २०४ आलें. पण पुष्कळ मुलें तें मधलें शून्य गाळतात आणि २४ असें उत्तर लिहून मोकळीं होतात.

आतां या मुलास ‘चुकलें’ असें म्हणून लाल रेघ ओढणें सोपें आहे. पण त्यास एवढेंच विचारावें, “३६ करंड्यांत २४ प्रमाणें आंबे किती झाले?” तो गुणाकार करून ८६४ सांगेल. मग पुसावें, “बाकीचे ६,४८० आंबे गेले कोठें?” मूल हंसेल, आणि आपण होऊन त्या शून्याकडे परत जाईल. शून्य म्हणजे ‘कांहीं नाहीं’ असें तें आजवर समजत होतें; तें दशकाची जागा राखून ठेवणारा पहारेकरी आहे, हें त्यास त्या दिवशीं कळतें. त्याच मुलास गणित सोडविण्यापूर्वी अंदाज घेण्याची संवय लावावी. ३६ गुणिलें २०० म्हणजे ७,२००. तेव्हां उत्तर दोनशेंच्या आसपास आलेंच पाहिजे, हें आधीं ठाऊक असेल, तर २४ हा आंकडा त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत खुपेल.

दुसरें उदाहरण अपूर्णांकांचें. ०.३५ मोठे कीं ०.५ मोठे, असें विचारल्यास कित्येक मुलें पहिला आंकडा सांगतात, कारण ३५ हे ५ पेक्षां मोठे. येथें मुलाची बुद्धि कमी पडत नाहीं. पूर्णांकांचा जो नियम इतकीं वर्षें खरा ठरला तोच तें येथें लावतें. त्यास रुपयाची आठवण द्यावी. ०.३५ रुपये म्हणजे ३५ पैसे आणि ०.५ रुपये म्हणजे ५० पैसे. मग निवाडा करण्यास शिक्षकाची गरज उरत नाहीं. पूर्वीच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सर्व पाठ करावें लागे. कारण रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै होत्या, आणि बाजारांत पावलोपावलीं हे अपूर्णांक भेटत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं चालू झालीं, तेव्हांपासून त्या पाढ्यांची नड संपत गेली. त्यांच्या जाण्यानें दुःख करण्याचें कारण नाहीं; परंतु पाठांतराबरोबर बाजारांतील अनुभवही मुलाच्या हातून गेला, हें मात्र ध्यानांत ठेवावें. म्हणून पालकांनीं भाजी आणतांना मुलास बरोबर न्यावें व दीड किलो कांद्यांचे, पाव किलो मिरच्यांचे पैसे त्यालाच करूं द्यावे. चुकला तर भाजीवाली त्यास सांगेल, आणि तो धडा तो विसरणार नाहीं.

आतां वाचन. पहिलीं कांहीं वर्षें मूल वाचतां यावें म्हणून वाचतें. त्यापुढें जाणून घेण्यासाठीं वाचावें लागतें. या दोहोंत मोठें अंतर आहे. एखादा मुलगा खड्या आवाजांत, न अडखळतां पान वाचून दाखवितो आणि घरची मंडळी संतुष्ट होतात. त्याच वेळीं पुस्तक मिटून “काय वाचलेंस, तें आपल्या शब्दांत सांग,” असें म्हणावें. तो गप्प राहिला, तर समजावें कीं अक्षरें डोळ्यांतून तोंडांत गेलीं, मनापर्यंत पोंचलीं नाहींत. अशीं मुलें प्रश्नाचें उत्तर कसें लिहितात तेंही पाहण्यासारखें आहे. प्रश्नांतील एखादा शब्द धड्यांत कोठें आढळतो तें शोधावयाचें आणि तें सबंध वाक्य उतरून काढावयाचें! त्यांना ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जरी’, ‘तरी’ या लहान शब्दांपाशीं थांबावयास शिकविलें पाहिजे, कारण विचाराचें वळण तेथें असतें. तीच गोष्ट विरामचिन्हांची. ‘आई, बाबा आले’ या वाक्यांत एकटे बाबा आले आहेत आणि कोणी मूल तें आईस सांगत आहे. तो स्वल्पविराम काढून ‘आईबाबा आले’ असें म्हटल्याबरोबर दोघेंही दारांत उभीं राहतात. विरामचिन्हांचा परिपाठ मराठींत रुजविण्याचें श्रेय एकोणिसाव्या शतकांतील मेजर थॉमस कॅन्डी यांस दिलें जातें. त्यापूर्वी वाचकास आपल्या अकलेनेंच थांबावें लागे. आतां खूण असूनही आपण थांबत नाहीं, हें बरें नव्हे.

लेखनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ‘गाय’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर चाळीस वह्यांत एकच निबंध आढळतो: गाय उपयुक्त पशु आहे, तिला चार पाय असतात, ती दूध देते. हें सर्व खरें आहे, पण तें लिहिण्यासाठीं गाय पाहावी लागत नाहीं. ज्या मुलानें गाय उठतांना पाहिली आहे तो लिहील कीं, ती आधीं मागचें अंग उचलते व मग पुढच्या पायांवर उभी राहते, आणि घोडा याच्या उलट करतो. ज्यानें तिला चारा घातला आहे तो लिहील कीं, तिच्या वरच्या जबड्यांत समोर दांतच नसतात. असें एक वाक्य पाठ केलेल्या पानभर मजकुराहून अधिक मोलाचें होय, कारण तें मुलाचें स्वतःचें आहे आणि खरें कीं खोटें हें त्यास पुन्हां पाहून ठरवितां येतें.

पुस्तकाबाहेरचें शिक्षणही याच वर्षीं होतें. वर्गांतील कपाटाची किल्ली सांभाळणें, पुस्तकें दिलीं-घेतलीं त्याची नोंद ठेवणें, झाडांना पाणी घालणें, पहिलींतील रडणाऱ्या मुलाचा हात धरून त्यास वर्गांत पोंचविणें, हीं कामें क्षुल्लक दिसतात. परंतु कोणी पाहत नसतां काम नीट करणें, ही आपलें काम आपण तपासण्याचीच दुसरी बाजू आहे. विद्यार्थिमित्रांनो, आज ज्या लहानग्यास तुम्हीं धीर दिला, त्याच्याच जागीं पुढल्या वर्षीं तुम्ही असाल. तेव्हां मोठ्या मुलांनीं आपणांशीं कसें वागावें असें वाटेल, तसेंच आज वागा.

परीक्षेविषयीं पालकांच्या मनांत पुष्कळ भीति असते. २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही मागें ठेवूं नये असें ठरविलें होतें. २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं तदनुसार नियम केले. मूल नापास झालें, तर त्यास जादा मार्गदर्शन द्यावयाचें व निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुन्हां परीक्षा घ्यावयाची. तींतही तें उतरलें नाहीं, तर त्यास त्याच वर्गांत ठेवितां येतें. मात्र आठवी पुरी होईपर्यंत कोणाही मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. तेव्हां ते दोन महिने रागावण्याचे नव्हत, शिकण्याचे आहेत. मुलास मारून अथवा शेजारच्या मुलाचे गुण ऐकवून भागाकारांतील शून्य त्यास कळत नाहीं. तसेंच गृहपाठ आपण करून देऊं नये. त्यानें वही सुंदर होते व मूल रिकामें राहतें. दप्तर त्याचें त्यास भरूं द्यावें, चूक त्याची त्यास सांपडूं द्यावी, आणि दररोज एकदां “आज काय कळलें नाहीं?” असें प्रेमानें पुसावें.

शेवटीं एक गंभीर गोष्ट. पुष्कळ मुलांची, विशेषतः मुलींची, शाळा सुटते ती एक शाळा संपून दुसरी सुरू होण्याच्या फटींत. दुसऱ्या टप्प्याची शाळा तीन किलोमीटरपर्यंत लांब असूं शकते. वाटेची काळजी, घरचें काम, धाकट्या भावंडांचा सांभाळ, अशीं कारणें निघतात आणि नांव पटावर चढतच नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रांत हीच फट आहे. मराठी शाळेंतून काढून वडिलांनीं त्यांस बागेच्या कामास लाविलें होतें. मुन्शी गफ्फार बेग व लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं वडिलांचें मन वळविलें, म्हणून १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें, निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें, असें मागणें मांडलें. तें बारावें वर्ष त्यांनीं कां मागितलें असेल, हें त्यांचें बालपण जाणणाऱ्यास सांगावयास नको. दोन शेजाऱ्यांच्या शब्दांनीं एवढें झालें! आपल्याही आळींत पांचवी झालेली एखादी मुलगी जून महिन्यांत घरीं बसलेली दिसली, तर तिच्या आईवडिलांकडे जाऊन दोन शब्द बोलणें हें आपलें कर्तव्य होय.

शुभवर्तमानांतील दोन घरांचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक घर खडकावर होतें व दुसरें वाळूवर. उन्हाळ्यांत दोन्ही सारखींच दिसलीं असतील. कोणतें कशावर उभें आहे, हें पूर आल्यावर कळलें. पाठ केलेलें आणि समजलेलें यांतही असाच भेद आहे. माध्यमिक शाळेचा पाऊस पुढें यावयाचा आहे, आणि पाया तपासण्यास प्राथमिक शाळेचें हें शेवटचें वर्ष हातीं आहे. मुलांनीं, पालकांनीं व शिक्षकांनीं मिळून तो आतांच पाहून घ्यावा.