कारचा स्टिरिओ रोज सगळं विसरतोय? ३१ हजारांच्या एस्टिमेटला हो म्हणण्याआधी हे तपासा

हिंगणघाटला बाबांच्या गाडीत मार्चपासून एक विचित्र प्रकार सुरू होता. गाडी चालू केली की स्टिरिओ सुरू व्हायचा, आवाजही व्यवस्थित, पण घड्याळात १२:०० आणि सेव्ह केलेले सगळे स्टेशन गायब. ब्लूटूथलाही फोन रोज नव्याने जोडायचा. वर्ध्याला सर्व्हिसिंगच्या वेळी बाबांनी शोरूममध्ये सांगितलं, तर संध्याकाळी एस्टिमेट हातात आलं: युनिट बदलावं लागेल, जीएसटी धरून ३१,४०० रुपये. तपासणीचे ५९० वेगळे. गाडीची वॉरंटी कधीच संपलेली.

मी इंजिनिअर असलो तरी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला आधी लक्षणच इंटरेस्टिंग वाटलं. सेट खराब झाला असता तर आवाज फाटला असता, स्क्रीन बंद पडली असती. इथे तर तो फक्त विसरत होता!

स्टिरिओला करंट साधारण दोन वाटांनी येतो. एक वायर किल्ली फिरवल्यावरच चालू होते, बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये ती बहुधा लाल असते. दुसरी, बहुधा पिवळी, थेट बॅटरीवरून येते आणि गाडी बंद असतानाही तिच्यात १२ व्होल्ट असतात. घड्याळ, स्टेशन, ब्लूटूथची यादी, हे सगळं या दुसऱ्या वायरीच्या जोरावर जिवंत राहतं. काळी म्हणजे अर्थिंग. आमच्या सेटमध्ये मुख्य पॉवर किल्लीच्या वायरीतून होती, म्हणून तो वाजत होता पण लक्षात ठेवत नव्हता. काही सेटमध्ये मुख्य पॉवर बॅटरीच्या वायरीतून असते, मग ती तुटली की सेट पूर्ण बंद पडतो. कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा. आणि डॅशबोर्डखाली पिवळा कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली तर हात लावू नका, ती बहुतेक एअरबॅगची असते.

आता गंमत अशी की कंपन्या या बॅटरीच्या लाईनवर एकच फ्यूज ठेवून अनेक गोष्टी जोडतात. मी बाबांना विचारलं, छतावरचा दिवा लागतो का? "तो तर कधीचाच गेला, बल्ब उडाला असेल." झालं! स्टीअरिंगखालच्या फ्यूज बॉक्समध्ये १५ अँपिअरचा निळा फ्यूज जळलेला. दहा रुपयांचा नवीन टाकला, दिवा लागला, घड्याळही टिकलं.

दोन दिवसांनी परत जळला.

इथे बरेच लोक २० किंवा ३० चा फ्यूज ठोकतात, कोणी तर चक्क तार गुंडाळतात. असं अजिबात करू नका. फ्यूज वायरला वाचवायला असतो; तो नाही जळला तर वायर जळते, आणि तीही गालिच्याखाली. फ्यूज पुन्हा उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय.

ती सापडली एका ऑटो इलेक्ट्रिशियनला, पाच मिनिटांत. "भाऊ, सेट चांगला आहे तुमचा. डिकी किती वेळा उघडता?" दिवसातून दहा वेळा, कारण बाबा डिकीतूनच माल नेतात. डिकीचं झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातल्या वायरी उघडझाप करून सोलल्या होत्या. डिकीच्या दिव्याची वायर त्याच फ्यूजवर. नवीन तुकडा सोल्डर करून स्लीव्ह चढवली, मजुरी ३५० रुपये.

म्हणजे ३१,४०० चा नवा सेट बसवला असता तर तोही रोज विसरलाच असता.

तुमच्या दिव्याचा फ्यूज ठीक असेल, तर बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत. बॅटरी कमजोर असली की स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं घसरतं की सेट रीस्टार्ट होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. टर्मिनल काढायच्या आधी सेटचा सिक्युरिटी कोड आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली" हे वाक्य ऐकायला मिळेलच. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला, त्या आदेशात यावर स्पष्ट लिहिलं होतं: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. तरीही वॉरंटीत असताना वायर कापण्यापेक्षा त्यांच्याकडूनच करून घ्या, भांडण कोण करत बसणार.

एस्टिमेट मात्र लेखी मागा, आणि "नेमकं काय तपासलं?" हे जॉब कार्डवर लिहायला सांगा. आमच्या कार्डवर फ्यूजचा उल्लेखच नव्हता. पटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मराठीतही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. बाबांनी ते जॉब कार्ड दाखवून ५९० रुपये परत मागितले. पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करतो म्हणालेत, बघू.