मुक्त म्हणजे मोफत नव्हे

१९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झालेली विप्रो पुढे संगणकाच्या व्यवसायात गेली, हे खानदेशास सांगावयास नको. आज येथील पेढ्यांवर लाल वहीच्या जागी संगणक आहे. मात्र वही विकत घेतली की ती व्यापाऱ्याची होत असे. सॉफ्टवेअर मिळते ते बहुधा केवळ वापराच्या परवान्यावर.

फुकट मिळणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली बंदच असते. याउलट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब व मालसाठा सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त परवान्याखाली मिळते. त्याची आज्ञावली वाचता येते, बदलता येते. बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तेच हक्क त्यालाही द्यावे लागतात. स्वतःच्या पेढीपुरते केलेले बदल जाहीर करण्याचे बंधन मात्र नाही. पण हा परवाना कसलीही हमी देत नाही, आणि सर्व्हरचा व जाणकार माणसाचा खर्च उरतोच!

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. जेथे आज्ञावलीच बदलता येते, तेथे ही नोंद अबाधित राहते का, हे सनदी लेखापालांकडून आधी तपासून घ्यावे. प्रोप्रायटरी वा भागीदारी पेढीस हा नियम लागू नाही.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी महिनाभराच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहाव्यात. आणि त्या साध्या तक्त्यात जशाच्या तशा बाहेर काढता येतात का, तेही.